दात काढलेला पियानो

मित्रांनो, मला दात नाहीत. माझं झाकण उघडलंत तर काळ्या पट्ट्या जागच्या जागी दिसतील. पांढऱ्या पट्ट्यांवर मात्र नुसतं उघडं लाकूड आहे, त्यावर जुन्या सरसाचे पिवळे डाग. मी एक जुना पियानो आहे. माझे दात वयामुळे पडले नाहीत, ते एका बाईंनी एकेक करून काढले. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांची गोष्ट सांगावी म्हणूनच आज मी बोलतो आहे.

माझा जन्म अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. माझं लाकूड जवळच्याच जंगलातलं, तारा जवळच्याच गिरणीतल्या. पण पांढऱ्या पट्ट्यांवरचा तो गुळगुळीत, थंड थर फार लांबून आला होता. तो हत्तीच्या सुळ्यातून कापून काढलेला होता. तो हत्ती मी कधी पाहिला नाही. त्याच्याबद्दल कारखान्यात कुणी बोललं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. मला आगगाडीत घालून कॅलिफोर्नियात आणलं. ओकलंडमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मी खूप वर्षं काढली. माझ्यावर मुलं शिकली, लग्नं लागली, म्हाताऱ्या माणसांना शेवटचा निरोप दिला गेला. मग छप्पर गळायला लागलं, माझे सूर उतरले आणि माझ्यावर फुलदाण्या ठेवायला सुरुवात झाली. शेवटी हॉलच बंद झाला. दोन हजार एक साली इंटरनेटवर माझी जाहिरात लागली. फुकट, घेऊन जा, एवढंच तीत लिहिलं होतं.

घेऊन जायला आले विनयकाका. निवृत्त इंजिनियर, उंच, थोडे वाकलेले, कमी बोलणारे. तिथल्या मराठी मंडळातल्या चार मित्रांना हाताशी धरून त्यांनी मला भाड्याच्या ट्रकमध्ये चढवलं आणि फ्रीमाँटमधल्या आपल्या टाउनहाउसच्या गॅरेजमध्ये आणून उभं केलं. शरयूकाकू दारातच थांबल्या होत्या. चष्मा कपाळावर, बोटांवर पांढरी भुकटी. त्यांनी माझं झाकण उघडलं, अंगठा ओला करून एका पट्टीवरून फिरवला आणि वाकून जवळून पाहिलं.

"खरं आहे," त्या म्हणाल्या.

"आता वाजवणार कोण?" काकांच्या एका मित्राने हसत विचारलं.

"वाजवायला नाही आणलाय," शरयूकाकू म्हणाल्या.

तेव्हा मला काहीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. त्यांनी माझ्या एका पट्टीवर ओलं फडकं घातलं, त्यावर कपड्यांची गरम इस्त्री टेकवली आणि पातळ सुरी हळूच आत सरकवली. चर्र आवाज झाला आणि पहिला दात निघाला.

शरयूकाकूंचे वडील कोकणातले हस्तिदंताचे कारागीर. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मुलीलाच शेजारी बसवलं. तिच्या हातात आधी कानस दिली, मग छिन्नी. लग्न होऊन त्या विनयकाकांबरोबर अमेरिकेत आल्या तेव्हा वडिलांनी हत्यारांची पिशवी बरोबर दिली होती. पुढे जगभर हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. माहेरचं दुकान बंद झालं, वडील गेले. शरयूकाकूंच्या हातात कला राहिली, आणि ज्यावर ती चालवायची ते मात्र नाहीसं झालं. मग त्या दुरुस्ती करू लागल्या. कुणाच्या पणजीच्या पंख्याची तुटलेली काडी, कुणाच्या बुद्धिबळातल्या घोड्याचा कान, कुंकवाच्या करंड्याचं झाकण. दुरुस्तीला लागणारं दंत माझ्यासारख्या टाकून दिलेल्या पियानोंच्या अंगावरून यायचं. त्यात कायद्याच्या विरुद्ध काही नव्हतं. त्यांना फक्त जुनंच लागायचं, आणि जुनं ओळखण्यात त्यांची चूक होत नसे.

एक सांगायला हवं. दात काढण्याआधी त्या ती पट्टी एकदा वाजवत. सूर फाटका असे, तरी तो पूर्ण विरेपर्यंत थांबत. मग इस्त्री उचलत.

दुरुस्तीतून वेळ उरला की त्या स्वतःचं काम करत. माझ्या दातांवर बारीक जाळी कोरून त्यांच्या छोट्या डब्या बनवत. जाळी इतकी नाजूक असे की फुंकर घातली तर थरथरेल असं वाटे. लोक वाहवा करत. पण काकू स्वतः खूश नसत. नखाएवढं पातळ ते दंत. त्यात फूल काढता येतं, पान काढता येतं, पण फुलाला मागची बाजू नसते. एकदा त्या काकांना म्हणाल्या, "बाबांनी मला मूर्ती शिकवली हो. चारी बाजूंनी कोरायला शिकवलं. आणि मी आयुष्यभर नुसती कागदं कापत बसलेय."

काका म्हणाले, "लाकडात कर की."

"लाकडात केलं. हाडात केलं. नाही होत ते."

त्यांना एकच मुलगी, आसावरी. ती सिॲटलला राहायची आणि जंगली प्राण्यांना वाचवणाऱ्या एका संस्थेत काम करायची. वर्षातून एक-दोनदा यायची. आली की गॅरेजच्या पायरीवर कॉफीचा मग घेऊन बसायची, पण टेबलाजवळ कधी यायची नाही. माझ्या तोंडातले निम्मे दात गेले होते तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी तिला राहवलं नाही.

"आई, तू हे थांबवत का नाहीस?"

"अगं, हे हत्ती मरून शंभर वर्षं झाली. मी कुणाला मारतेय का? कचऱ्यात जाणारं वाचवते मी."

"आय नो. तू कुणाला मारत नाहीस." आसावरी मगाकडे बघत बोलत होती. "पण तू ते सुंदर करतेस, आई. दॅट्स द प्रॉब्लेम. सुंदर दिसतं म्हणून लोकांना हवं असतं. जुनं संपलं की ते नवीन मागतात."

"मग आजोबांनी जे केलं ते सगळं पाप?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"म्हटलंस," काकू म्हणाल्या आणि मशीन सुरू केलं. दंतवैद्याकडे असतं तसलं ते मशीन. त्याच्या आवाजात पुढचं बोलणं शक्य नव्हतं. आसावरी थोडा वेळ बसली आणि मग आत निघून गेली.

दोन हजार पाचच्या सुमारास मंडळाने कलाकारांचं एक प्रदर्शन भरवलं. तिथे काकूंची जाळीची डबी एका माणसाने बराच वेळ हातात धरून ठेवली. त्याचं नाव ऋषी. मुंबईत वाढलेला, सॅन फ्रान्सिस्कोत जुन्या वस्तूंचं दुकान चालवणारा. कपडे झकपक, बोलणं लाघवी. तो पुढच्याच आठवड्यात गॅरेजमध्ये आला.

"काकू, असा हात आता जगात कुणाचा राहिला नाही. आणि तुम्ही पियानोच्या पट्ट्यांवर वेस्ट करताय!"

वेस्ट हा शब्द मला लागला. काकूंनाही लागला, पण निराळ्या जागी. त्यांचा हात थांबला.

काही महिने ऋषी येत राहिला. दुरुस्तीची चांगली कामं आणायचा, चहा प्यायचा, काकांशी क्रिकेटवर गप्पा मारायचा. मग एक दिवस दुपारी तो टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. टेबलावर ठेवून त्याने टॉवेल उलगडला. आत हस्तिदंताचा एक ठोकळा होता. सोललेल्या नारळाएवढा, आरपार भरीव.

मित्रांनो, मी शरयूकाकूंचा चेहरा इतकी वर्षं पाहत होतो. तसा चेहरा त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"एका म्हातारीच्या घरात पडून होता," ऋषी म्हणाला. "तिच्या नवऱ्याच्या आजोबांचा. नाइन्टीन ट्वेन्टीज."

काकूंनी कानस घेतली आणि एका कोपऱ्यावर एकच हात मारला. जुनं दंत पिठासारखं झडतं. माझे दात तसेच झडायचे, कोरडे, उडून जाणारे. या ठोकळ्यातून मात्र ओल्या खोबऱ्यासारखा मऊ, किंचित तेलकट कीस निघाला आणि कानशीला चिकटून बसला. काकूंनी तो बोटावर घेतला, नाकाशी नेला.

"ऋषी, हे किती जुनं म्हणालास?"

"ट्वेन्टीज, काकू. माझी गॅरंटी."

काकूंनी पुन्हा विचारलं. या वेळी आवाज अगदी खाली होता. "किती जुनं?"

ऋषी हसला नाही. "तुम्हाला नको असेल तर परत नेतो. नो प्रॉब्लेम." तो टॉवेल गुंडाळायला लागला.

टॉवेलचं एक टोक दुसऱ्यावर आलं. तेवढ्यात काकूंनी ठोकळ्यावर हात ठेवला.

"राहू दे."

मला ओरडायचं होतं. पण पियानो दुसऱ्याने हात लावल्याशिवाय बोलू शकत नाही, आणि माझ्या उरलेल्या दातांना त्या दिवशी कुणीच हात लावला नाही.

संध्याकाळी काकांनी विचारलं, "नवीन माल दिसतोय?"

"जुनाच आहे," काकू म्हणाल्या. त्यांच्या लग्नाला तीस वर्षांहून जास्त झाली होती. काकांनी मान डोलावली आणि लसूण सोलायला आत गेले.

त्यानंतरचे महिने मी विसरू शकत नाही. खोटं कशाला बोलू, ते आनंदाचे महिने होते. काकू पहाटे उठून टेबलाशी येत. नाष्टा विसरत. कधी ऐकलं नव्हतं असं त्यांचं गुणगुणणं मी तेव्हा ऐकलं. काका चहा आणून ठेवत आणि गार झालेला परत नेत. ठोकळ्यातून हळूहळू पाठ वर आली, मग दुमडलेला गुडघा, मग टेकवलेले तळहात. रांगणारं एक मूल. दाराकडे निघालेलं आणि मध्येच थांबून मान वळवून मागे बघणारं. आई येतेय ना, हे बघणारं. त्याच्या मानेला सुरकुती होती, पायाच्या बोटांना नखं होती. आणि त्याला सगळ्या बाजू होत्या.

काका ते पाहून दारातच उभे राहिले.

"ही तर आसू," ते म्हणाले. "सॅनहोजेच्या त्या पहिल्या अपार्टमेंटमधली."

"ओळखू येते?"

"अगं, आता रडेल असं वाटतंय."

ऋषीने ते मूल आपल्या दुकानात महिनाभर मांडलं. विकायचं नाही, असं काकूंनी निक्षून सांगितलं होतं. तरी फोटो निघाले, एका मासिकात छापून आले. ओळखीचे, अनोळखी, सगळे फोन करू लागले. काकूंना एवढं कौतुक कधी मिळालं नव्हतं. त्या फोनवर लाजून बोलत आणि ठेवला की हात पुसत राहत.

मूल परत द्यायला आला तेव्हा ऋषीने गाडीतून दुसरा टॉवेलही आणला होता.

"काकू, लोक वेडे झालेत. सगळ्यांना असंच हवंय. क्रॉलिंग बेबी. दहा जण तर आत्ता तयार आहेत."

"नको. मला एकच करायचं होतं. झालं."

"असं कसं झालं?"

"ऋषी, ते ताजं होतं. तुलाही माहीत आहे, मलाही. परत आणू नकोस."

ऋषीने टॉवेल उचलला. तो रागावलासुद्धा नाही. "ठीक आहे. तुम्ही नाही केलं तर कुणीतरी दुसरा करेल. लोकांना हवं तर आता आहेच ना, काकू. ते काही परत जाणार नाही."

तो गेल्यावर काकू बराच वेळ स्टुलावर बसून होत्या. आसावरी पायरीवर बसून जे म्हणाली होती, तेच हा माणूस हसतमुखाने सांगून गेला होता.

आसावरी एका शनिवारी आली, न कळवता. तिने मासिक पाहिलं होतं. ती घरात न जाता सरळ गॅरेजमध्ये आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा टेबलापर्यंत आली आणि ते मूल उचललं. तिने ते फिरवून फिरवून पाहिलं. मग अंगठा गालावर ठेवला.

"ही मी आहे," ती म्हणाली.

"हो."

"हे कुठून आलं?"

"जुनं आहे गं."

"आई."

आसावरीने मूल छातीशी धरलं होतं, आणि बहुतेक तिला ते कळतही नव्हतं.

"मी लास्ट इयर तिथे होते. आफ्रिकेत. तुला सांगितलं नाही मी सगळं." तिचं मराठी अडखळत होतं, पण ती मराठीतच बोलत होती. "शिकारी हत्तिणीचं अख्खं तोंड कापून नेतात, आई. आणि पिल्लू तिथेच बसतं. आईला उठवत राहतं. दोन-दोन दिवस. आम्ही ओढून न्यायचो त्यांना, तरी ती मागे वळून बघायची."

तिने हातातल्या मुलाकडे पाहिलं.

"आणि तू याला माझा चेहरा दिलास," आसावरी म्हणाली.

"मला कळलं होतं," काकू म्हणाल्या. "कानस लावली तेव्हाच कळलं होतं."

"देन व्हाय?"

काकूंनी उत्तर शोधलं नाही. ते त्यांच्यापाशी तयार होतं, आणि लाज वाटावी इतकं लहान होतं. "मला एकदा खोल कोरायचं होतं. मरायच्या आधी एकदा."

आसावरीने मूल टेबलावर ठेवलं, अगदी हळू, झोपलेलं बाळ ठेवावं तसं. विनयकाका आतून पोह्यांची बशी घेऊन आले तेव्हा तिची गाडी वळून गेली होती. बशी हातात धरून काका विचारत राहिले, "काय झालं? शरू, काय झालं?" मग काकूंनी त्यांना सगळं सांगितलं. काकांनी बशी माझ्यावर ठेवली. ते चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "मला जुनं म्हणाली होतीस." ते वाक्य ऐकून काकू रडल्या. त्याआधी रडल्या नव्हत्या.

सोमवारी त्यांनी स्वतः वन्यजीव खात्याच्या सरकारी कचेरीत फोन केला. ऋषीबद्दल सांगितलं, स्वतःबद्दल सांगितलं, काही लपवलं नाही. दोन अधिकारी आले. त्यातल्या वयस्कर माणसाने हातमोजे घातले, मूल उचललं आणि चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. "इट्स व्हेरी गुड, मॅम," तो शेवटी म्हणाला. मग त्याने ते पिशवीत घातलं आणि पिशवीचं तोंड बंद केलं. काकूंनी विचारलं, पुढे याचं काय होतं? कोर्टाचं काम संपलं की नष्ट करतात, तो म्हणाला. भुकटी करतात.

ऋषीचं दुकान बंद झालं. काकू स्वतः पुढे आल्या म्हणून कोर्टाने त्यांना समज देऊन सोडलं. त्यांनी आसावरीला फोन करून हे सगळं तिच्या आन्सरिंग मशीनवर सांगून ठेवलं. पुन्हा एकदा सांगून ठेवलं. आसावरी वडिलांना फोन करते. तब्येत विचारते, औषधं विचारते. आईला दे, असं म्हणत नाही. काका फोन ठेवतात तेव्हा काकू दारात उभ्या असतात.

तुम्हाला वाटेल, चूक कबूल केली, ते मूलही गेलं, आता संपलं. मलाही तसंच वाटलं होतं. या वर्षी, म्हणजे दोन हजार आठमध्ये, संक्रांतीच्या सुमारास दोघं तीळगूळ आणायला बाजारात गेले होते. परत आले आणि गॅरेजचं दार खाली आलं तरी गाडीतच बसून राहिले. मग काच खाली करून काका म्हणाले, "ते कोरलेलं मूल हुबेहूब तुझ्याचसारखं होतं असं नाही गं."

"माझंच होतं." काकूंचा आवाज कोरडा होता. "गुडघा तसाच. मान तशीच. फोटोवरून केलंय. त्या भेटवस्तूंच्या दुकानात, शोकेसमध्ये ओळीने मांडलीत. मी एक हातात घेतलं हो. ओलं, ताजं दंत होतं."

काकांनी गाडीची किल्ली काढून घेतली.

"मी ते कोरलं नसतं तर कुणाला सुचलं असतं ते?" काकूंनी विचारलं. कुणाला विचारलं, ते मला कळलं नाही.

त्यानंतर त्यांनी हत्यारांना हात लावलेला नाही. दुरुस्तीला आलेल्या वस्तू निरोप पाठवून परत केल्या. सकाळी त्या टेबलाशी येऊन बसतात, दिवा लावतात, आणि थोड्या वेळाने दिवा घालवून आत जातात. त्यांचे हात अजून अगदी स्थिर आहेत. तेच मला सर्वांत वाईट वाटतं. थरथरले असते तर त्यांना निदान सांगायला कारण झालं असतं.

उद्या मला कचऱ्याच्या ट्रकमध्ये चढवणार आहेत. काकांनी आज माझ्याभोवतीची जमीन झाडून घेतली. मित्रांनो, अशा वेळी आम्हा जुन्या वस्तूंकडून एक विनंती अपेक्षित असते. आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका, अशी. ती मी करणार नाही. मला खूप जपलं गेलं, आणि मला जपणाऱ्या कुणीही कधी विचारलं नाही की माझे दात आधी कुणाच्या तोंडात होते. मीसुद्धा विचारलं नाही. तुम्ही विचारा. एखादी वस्तू हातात घ्याल, ती इतकी सुंदर असेल की खाली ठेववणार नाही, तेव्हा विचारा. आणि उत्तर देणाऱ्याचा आवाज खाली गेला, तर ती परत टॉवेलात गुंडाळू द्या. मध्ये हात घालू नका.

आत फोन वाजतो आहे. काका उचलतात. "हो, बरी आहे," ते म्हणतात. "इथेच आहे. देऊ का?"

थोडा वेळ ते ऐकत राहतात.

"बरं," ते म्हणतात. "बरं, असू दे."